मांडव कुणाच्या दारी

"जेवन व्हयनं का धरणगावले फोन लावस. सोयरीक मोडी टाकस!" पुनाआबांनी जाहीर केलं आणि पाटावर बसकण मारली.

श्रावणातला कानबाई देवीचा सण. घरभर नैवेद्याच्या भाजलेल्या रोटांचा खमंग वास. अशा दिवशी कुणी असं बोलतं का? पण आबा पेटले होते.

ज्योती त्यांची, एका मुलाच्या पाठीवरची, एकुलती एक लेक, देवपूरला शाळेत शिकवणारी. समाधान तिच्याच शाळेत गणित शिकवायचा. मुलगा असा, की नाव ठेवायला आबांनाही जागा नव्हती. मनातून तर त्यांना हाच जावई हवा होता. अडलं होतं ते मांडवावर. आबा म्हणायचे, लग्न आमच्या गावात. व्याही म्हणायचे, धरणगावात. वैशाखातलं लग्न श्रावण उजाडला तरी लोंबकळत होतं. आता व्याह्यांनी आजच शेवटचं काय ते सांगा, असा निरोप धाडला होता.

"दोन्ही याही सारखाच हेकड शेतस," झुंबरबाई म्हणाल्या. आबांची ही थोरली बहीण, अमळनेरला दिलेली, सकाळच्या एस.टी.नं आलेली. "पोरले तरी इचार!"

"इचारं ना! ती काहीच बोलत नही."

ते खरं होतं. फोनवर दोनदा विचारलं, तर "कानबाईले येस, मंग बोलूत" एवढंच तिचं उत्तर. काल आली ती मात्र हसत. रात्री गाणी म्हणाली, फुगड्या खेळली. रोटांसाठी माणसागणिक गहू मोजले, तेव्हा "मन्हा वाटाना गहू टाकू नको" असं तिनं वहिनीला आधीच कळवलं होतं. मास्तरीणबाई हल्ली वजनाला जपतात, असं वहिनीनं सगळ्यांना सांगितलं.

पंगत बसली. सुनेनं रोट वाढायला घेतले. झुंबरबाईंच्या ताटात मात्र साधी पोळी पडली.

सहा वर्षांच्या नातीनं ते बरोबर टिपलं. "आबा, मोठी आजीले रोट का बरं नही?"

लेकरांनी काही विचारलं की आबांचा राग विरघळायचा. त्यांनी तिला मांडीवर घेतलं. "हाऊ रोट फक्त या घरना मानसेसले. लेकनं लगीन व्हयनं, का ती त्या घरनी व्हस. मंग तिनी कानबाई तठे, तिना रोट बी तठे."

"म्हनजे मोठी आजी पाव्हनी?"

"पाव्हनी!"

"पाव्हनी, पन याना कान धराले अजून मीच लागस," झुंबरबाई म्हणाल्या आणि सगळी पंगत हसली.

आबाही हसले. पण फोन त्यांनी ताटाशेजारीच काढून ठेवला होता.

"आबा, पह्यले जेवन करी ल्या, मंग फोन करज्यात," ज्योती म्हणाली.

"तू बठ मन्हाजोडे. यंदा शेवटना रोट बापना हातना खाई ले. पुढला साल कोठे राहशी, कोन जाने!" आबांचा आवाज जरा ओला झाला. त्यांनी रोटाचा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला.

ज्योतीनं तो घेतला नाही. आपलं रिकामं ताट उचललं, आत्याला खेटून बसली आणि वहिनीकडे बघून म्हणाली,

"माले बी पोळीच वाढ. मन्हा रोट मांगला महिनापाईन धरणगावले शे."