दुसरं शेपूट

प्रयोगशाळेत तीस वर्षं काढूनही मावशींची एक खोड जात नव्हती. स्लाइडचं लेबल निघालं की त्या ते जिभेवर ओलं करून पुन्हा चिकटवायच्या.

“शी! मावशी, रक्ताची स्लाइड आहे ती!” शेजारच्या टेबलावरची सहकारीण ओरडली.

“अगं, त्यातले परजीवी अकरा वर्षांपूर्वीच मेलेत. रंगवून, वाळवून ठेवलेत. माझं काय वाकडं करणार?”

मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विद्यार्थ्यांना दाखवायची ही स्लाइड त्यांना तोंडपाठ होती. रक्तात एकपेशी परजीवी, प्रत्येकाला एकच शेपूट.

आज प्रत्येकाला दोन होती. जुन्याला बिलगून एक आखूड, कोवळं, नवं.

“काय गं, या परजीवींना दुसरं शेपूट कधी फुटतं?”

“एकाचे दोन होताना. आधी जुन्याशेजारी नवं तयार करतात, मगच दुभंगतात. तुम्हीच तर शिकवलंत!”

मावशी आवंढा गिळायला गेल्या, तर तो उतरेना. तोंडात काहीतरी बुळबुळीत आडवं आलं होतं. त्यांनी जिभेने चाचपून पाहिलं.

जिभेला बिलगून काहीतरी आखूड, कोवळं होतं. आणि तेही चाचपत होतं.