ॲडमिनचं नाव

"हे सगळं पहिल्यापासूनच आलेलं आहे. काढून टाका," बाई म्हणाल्या. "आणि मालक मला करा."

पुनमनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. कासारवाडी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी तीननंतर तिथे सहसा कुणी फिरकत नसे. या बाई रिक्षातून उतरून थेट आत आल्या होत्या. साठीपुढच्या. साडी कडक इस्त्रीची, पण पायांत घरातल्या स्लिपर. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला.

"नाव काय काकू तुमचं?"

"शुभदा. चऱ्होलीहून आले. बसमधून येता-जाता तुमची पाटी बघितली होती. बाईचं दुकान दिसलं, म्हणून इथेच यायचं ठरवलं."

"मालक करायचं म्हणजे ॲडमिन?"

"तेच ते. काहीही काढायला गेलं की परवानगी मागतो. माझ्याच यंत्रात मी कुणाची परवानगी घेऊ?"

पुनमनं यादी उघडली. नव्या लॅपटॉपात कंपनी भरून देते तो नेहमीचा पसारा होता. महिनाभर फुकट चालणारा अँटिव्हायरस, पत्त्यांचे खेळ, खरेदीची ॲप. तिनं अँटिव्हायरस काढायला घेतला, तर चौकट उघडली. ॲडमिनचा पासवर्ड टाका. वर नाव होतं, स्वानंद.

"स्वानंद कोण?"

"माझा मुलगा."

"मग त्यांनाच विचारा ना पासवर्ड."

"त्याला माहीत नाही."

पुनमनं मान वर केली. "अहो काकू, ॲडमिन तेच आहेत."

"लॅपटॉप त्यानं पाठवला. सुरू करून दुसऱ्यानं दिला." बाईंचं लक्ष रस्त्याकडे होतं. एक पांढरी गाडी दुकानासमोर हळू झाली, तशी त्यांनी खुर्ची काउंटरच्या आडोशाला ओढली. गाडी निघून गेली. "मुलगा येणार आहे मला न्यायला. पाचपर्यंत बसले तर चालेल ना?"

"बसा की. फोन लावून देऊ का त्यांना?"

"आत्ता नाही उचलणार तो. शेजारणीच्या फोनवरून परवाच त्याला इथे यायचा निरोप दिलाय."

"तुमचा फोन?"

"नाही माझ्याकडे."

लॅपटॉप आहे आणि फोन नाही. पुनम यादी पुढे सरकवत राहिली. यादीत अगदी खाली आणखी एक नाव होतं. दिसायला कंपनीचंच, पण तारीख दोन महिन्यांपूर्वीची. हे सॉफ्टवेअर तिनं आधी पाहिलं होतं. पडद्यावर जे जे चालतं त्याचे फोटो ते ॲडमिनला पाठवत राहतं. लॅपटॉप चोरीला गेला तर सापडावा म्हणून लोक ते टाकून ठेवतात.

तिनं कीबोर्डवरून हात काढून घेतला. मागच्या दिवाळीत एकानं असाच एक लॅपटॉप साफ करून नेला होता. तो चोरीचा निघाला आणि पुनमला दोन दिवस चौकीच्या बाकावर बसावं लागलं होतं. दुकानाची पाटी तेव्हा उतरता उतरता राहिली होती.

तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पहिल्याच पडद्यावर बारीक अक्षरांत ओळ होती. हरवल्यास संपर्क, स्वानंद. पुढे नंबर.

"चहा सांगून येते काकू," म्हणत ती बाहेर पडली.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"स्वानंद बोलताय का? माझ्या दुकानात तुमचा लॅपटॉप आलाय. एक काकू घेऊन आल्यात..."

"आई? कुठे आहे ती?" आवाज एकदम दाटून आला. "सकाळपासून शोधतोय हो. ताई, तिला विसरण्याचा आजार आहे. लॅपटॉपवर नको ते करून बसते, म्हणून सगळं मी माझ्या हातात ठेवलंय. कधी कधी तर मलाही ओळखत नाही. तिला तेवढं थांबवून ठेवा. दुकान कुठे म्हणालात?"

पुनमनं पत्ता सांगितला. सांगता सांगता तिची तिलाच लाज वाटली. आजारी बाईला आपण चोर समजत होतो.

ती चहा घेऊन आत आली. "झालं?" बाईंनी विचारलं.

"चालू आहे काकू. वेळ लागतो याला."

पडद्यावर काहीच चालू नव्हतं. बाई समाधानानं चहा पीत राहिल्या. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणाल्या. रिक्षा चांगली मिळाली म्हणाल्या, आणि तिचा नंबर अख्खा म्हणून दाखवला. पुनम मान डोलवत राहिली.

सव्वाचारला पांढरी गाडी दारात थांबली. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस उतरला. हातात पाण्याची बाटली.

"आई, चल घरी."

बाईंच्या हातातली बशी वाजली. "पोरी, हा स्वानंद नाही."

त्यानं पुनमकडे बघून हताशपणे डोळे मिटले. पुनमनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "जा काकू. घरचंच माणूस आहे."

"अगं, मी सांगतेय ना तुला! लॅपटॉप यानंच सुरू करून..."

"हो आई, हो. गाडीत बोलू." त्यानं आधी लॅपटॉप उचलला, मग बाईंचं कोपर धरलं. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

गाडी वळताना बाईंनी काचेतून एकदाच पुनमकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. हुशार मुलीनं सोपं गणित चुकवावं आणि बाईंनी वहीवरून नजर वर करावी, तसं काहीतरी होतं.

पुनमनं कप विसळले. बऱ्याच दिवसांनी हातून चांगलं काही घडलं, असं तिला वाटत होतं.

पाचला दहा कमी असताना एक टॅक्सी येऊन थांबली. भली मोठी बॅग ओढत एक तरुण उतरला. बॅगेच्या मुठीला विमानतळावरची चिठ्ठी तशीच चिकटलेली, डोळे जागरणानं तारवटलेले. त्यानं पाटी वाचली आणि घाईघाईनं पायरी चढला.

"इथे माझी आई बसलीय ना? शुभदा नाव," तो रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला. "मी स्वानंद."