गलाईवाल्याची ढेकणं

"आवं, पलंग तापवताय का वितळवताय?" तानुबाई दारातून ओरडली.

अंगणात लोखंडी पलंग आडवा पाडून तिचा नवरा भाऊसो गॅसच्या बर्नरची निळी ज्योत एकेका सांध्यावरून फिरवत होता. तीस वर्षं तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळायचं दुकान चालवलेला माणूस. सोनं किती तापलं की त्याचं पाणी होतं, हे त्याला नुसत्या रंगावरून कळायचं. ढेकूण किती तापला की मरतो, हे मात्र तो या वयात शिकत होता. तट् असा आवाज आला की मान हलवून म्हणायचा, "गेला बघ."

ढेकणं त्यानंच आणली होती. महिन्याभरापूर्वी दुकान कायमचं आवरून नवराबायको विट्याला घरी आली, ती गाद्यांच्या वळकट्यांसकट. त्या वळकट्यांतून हे पाव्हणे उतरले आणि बघता बघता खोलीभर झाले. परमुलखातून माणूस काहीही घेऊन आला तरी शेजारीपाजारी बघायला येतात, पण हे कुणाला दाखवायचं? दोघं आठ दिवस गुपचूप खाजवत होती.

आणि आज दुपारी सून येणार होती. सोनम बाळंतपणाला फलटणला माहेरी गेली होती. दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती यायची होती आणि तिच्यासोबत तिची आई, सुलाबाई. सुलाबाई म्हणजे पाण्याचा तांब्या हातात घेतला तरी आधी आत डोकावून बघणारी बाई. पंधरा दिवसांनी येणार होत्या, पण उद्याच येतो म्हणून सुलाबाईचा काल अचानक फोन आला. कारण काही सांगितलं नाही. मुलगा जयराज गाडी घेऊन बायकोला आणायला पहाटेच गेला होता.

"त्या बाईला एक जरी ढेकूण दिसला, तर नातवाला उंबऱ्यातनंच माघारी नेईल," तानुबाई म्हणाली. बारशाला तिनं बाळ मांडीवर घेतलं होतं, त्यालाही आता दीड महिना झाला होता. रोज मोबाइलवर त्याचं तोंड बघून तिचा जीव निवत नव्हता.

"ती कशाला नेईल? तू खोली बघ जा," भाऊसो म्हणाला. पण ज्योत त्यानं आणखी मोठी केली.

तानुबाईनं गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या, गादी पत्र्यावर तापत टाकली, भिंतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं लिंपल्या, खोली कोपऱ्याकोपऱ्यातून झाडली. पलंग आत न्यायला भाऊसो आला तर फरशी आरशागत झालेली.

"केर कुठं टाकलास?"

"टाकतीय कशाला? डब्यात भरून ठिवलाय की."

भाऊसो बघतच राहिला. गलाईच्या दुकानात केर टाकत नाहीत. फरशीवरच्या धुळीत सोन्याचे कण असतात, म्हणून केर डब्यात साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत धरतात. तानुबाईनं तिथं इतकी वर्षं केर भरला होता की केरसुणी हातात आली की डबा आपोआप पुढं यायचा. भाऊसोनं कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण काढलं. दोन ढेकूण काठावर येऊन ऐटीत फिरत होते.

"आगं, ह्यातनं काय सोनं निघनार हाय व्हय?"

तानुबाईनं कपाळावर हात मारला. "तीस वर्सं केर टाकू दिला न्हाई तुमी. आन आता मलाच नावं ठेवताय?" म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. भाऊसोलाही आवरेना. हसत हसतच दोघांनी डबा नेऊन उकळत्या पाण्यात बुडवला.

चारला गाडी आली. तानुबाईनं बाळबाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सोनम पाय धुवायला मोरीत गेली आणि सुलाबाई बाळाला छातीशी धरून सरळ खोलीत शिरली. कुणी बस म्हणायच्या आत तिनं गादीचा कोपरा उचलला. मोबाइलची बॅटरी लावून शिवण न् शिवण बघितली. वाकून पलंगाखाली बघितलं. दाराशी उभी तानुबाई आत सरकली.

सुलाबाई उठली. तिनं दार लोटून घेतलं आणि मटकन पलंगावर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"ईनबाई, तुमच्यात न्हाईत ओ. लय बरं झालं."

"काय न्हाईत?"

"ढेकणं." सुलाबाईचा आवाज अगदी खाली गेला. "बारशाच्या पावन्यांसाठी भाड्यानं गाद्या आनल्या, त्यातनं आली बघा. काय केलं तरी हटंनात. म्हनून तर लेकराला घिऊन पळत आले. कुनाला बोलू नका. लय लाज वाटती."

तिनं बाळाच्या अंगड्याची बाही वर सरकवली. इवल्याशा दंडावर लाल ठिपके होते, एका रांगेत तीन. ढेकूण असाच चावत जातो, सरळ रेघ मारल्यासारखा. सुलाबाई खाली मान घालून बसली. आता विहीण काय बोलेल ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

तानुबाईनं बाळ उचलून घेतलं. दुसऱ्या हातानं स्वतःचा पदर मानेवर नीट ओढला, कारण तिच्या मानेवरही तसेच तीन ठिपके होते.

"डास हायत ते, ईनबाई," ती म्हणाली. "उसाचा भाग तुमचा. डास असनारच की."