धर्मराजकाकांची पद्धत

चहा हौसेरावांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून बनियनवर ओघळला आणि त्यांना ते कळलंच नाही.

राजाबाईनं तवा उतरवला. "आवो, हसा बघू जरा."

हौसेराव हसले. अर्धंच तोंड हसलं.

"दोनी हात वर धरा."

उजवा हात आपोआप खाली आला. तुर्भ्याच्या मार्केटात तीस वर्षं गोण्या उचललेला हात. काय झालं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तर नुसतंच बरळल्यासारखं काहीतरी बाहेर आलं.

मार्केटातल्या दवाखान्याच्या भिंतीवर लकव्याच्या झटक्याची ही चित्रं तिनं पाहिली होती. तिनं घड्याळ बघितलं. सात वीस. पाणी पाजलं नाही, तेल चोळत बसली नाही. शेजारच्या कुलदीपला गाडी काढायला लावली.

"कधीपासून?" डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं.

"सात वीस. सातला धड बोलत होते."

"वेळेत आणलंत."

डोक्याचा स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. पंधरा दिवसांत हात परत आला. बोलणं आलं नाही. हौसेरावांना सगळं कळायचं, शब्द तेवढा सापडायचा नाही. लेकीचा फोन आला की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

स्पीच थेरपीच्या गीतांजलीमॅडम म्हणाल्या, "व्यायाम चुकवू नका. आणि आमच्या गटातले धर्मराजकाका घरी येतील. त्यांना नुसतं बसू द्या."

काका दर शुक्रवारी यायचे. इस्त्रीचा सदरा, ताठ चाल. रिटायर डॉक्टर असणार, असं राजाबाईला वाटलं. खुर्ची ओढून हौसेरावांसमोर बसायचे आणि विचारायचे, "मग?"

हौसेराव घशातून आवाज काढायचे. काका वाट बघायचे. पाच पाच मिनिटं. मग पुन्हा तेच, आणखी मऊ आवाजात, "मग?"

राजाबाई मधेच शब्द पुरवायला गेली, की काका ओठांवर बोट ठेवायचे.

तिसऱ्या महिन्यात हौसेराव म्हणाले, "गो... गोणी."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "मग!"

सहाव्या महिन्यात हौसेरावांनी आपण साताऱ्याहून पहिल्यांदा तुर्भ्याला आलो तो दिवस सांगितला. अडखळत, तासभर. राजाबाई तोंडाला पदर लावून दारात उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं तळवलीला काकांच्या घरी गेले. काका बाहेर गेले होते. दार त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी उघडलं.

"माणसाला बोलतं करायची ही इद्या काका कुठं शिकले, ताई?" राजाबाईनं विचारलं.

"मला... बी... शिकायचीय," हौसेराव म्हणाले.

गोजराबाईंनी दोघांना आत घेतलं.

"शिकतील कुठं? न्हावा शेवाच्या बंदरात क्रेनवर होते ते. नऊ वर्षांमागं झटका आला. थकलेत असं समजून मी दुपारपर्यंत झोपू दिलं, इंजेक्शनची येळ गेली. तवापासून त्यांच्यापाशी तेवढा एकच शब्द उरला हाय."