कुकरातली माती

दुपारच्या सामसुमीत कुकरची शिट्टी झाली.

"लोकं वरण शिजवतात, तू माती शिजवून राह्यली!" ओसरीतून सासूबाई हसल्या.

ज्योत्स्नाही हसली. मागच्या वेळी डब्यात घातलेल्या न वाफवलेल्या मातीतले बारीक किडे लागून लेकीचा, रेवतीचा पाळलेला टॅरंटुला कोळी मरता मरता वाचला होता. चार दिवस पोरगी धड जेवली नव्हती. या खेपेला मातीत जीव म्हणून राहू द्यायचा नाही, असं ज्योत्स्नानं ठरवलंच होतं.

वाफ जिरल्यावर तिनं झाकण काढलं.

चापून भरलेल्या मातीच्या मधोमध बोटाएवढं बीळ होतं. त्याच्या काठाला ताजं, पांढरं जाळं होतं.

कोळी तर काचेच्या डब्यात, शेजारी बसलेल्या रेवतीच्या मांडीवर.

ज्योत्स्नानं वाटीनं माती घट्ट दाबली, कुकर पुन्हा लावला आणि शेगडीपासून हलली नाही.

उघडलं, तर त्या बिळात आता मूठ मावली असती.

"मी बी पाहतो आता," म्हणत तिनं पुन्हा वाटी उचलली.

रेवतीनं तिचा हात धरला. डब्यातला कोळी पाय आखडून पार कोपऱ्यात गेला होता. रेवती बिळावर वाकून, कान देऊन ऐकत होती.

"आई, त्याले बाहेर यायचं हाय, का ते आपल्याले आत बोलावून राह्यलं?"