तिर्साची वंशावळ

जेरुसलेममधल्या आमच्या शाळेत धर्मग्रंथातल्या वंशावळी वाचून झाल्या, की मी मुलींना आपापली वंशावळ लिहून आणायला सांगते. यंदा हदासने सतरा पिढ्या आणल्या. सगळे धर्मगुरू, एकाहून एक नावाजलेले. शेजारची तिर्सा त्या लांबलचक कागदाकडे बघून आतल्या आत जळत होती. मधल्या सुट्टीत ती हदासशी बोललीसुद्धा नाही.

"बाई, आता तिर्साला वाचायला सांगा ना," हदास म्हणाली. "तिचे बाबा डेन्मार्कचे. ते आधी ज्यू नव्हतेच. ती लिहिणार तरी कुणाचं नाव?"

तिर्साने वही पोटाशी धरली. "माझी दोनच ओळींची आहे, बाई."

"असू दे. वाच, बाळ."

ती खाली मान घालून वाचू लागली. "तिर्सा, नातानची मुलगी. नातान, अब्राहामचा मुलगा."

"कुठला अब्राहाम?" हदासने विचारलं.

"आपल्या सगळ्यांचा मूळपुरुष, तोच," मी म्हणाले. "बाहेरून आपल्या धर्मात येणाऱ्याला आपण त्याचाच मुलगा मानतो. प्रार्थनागृहातही त्याला 'अब्राहामचा मुलगा' म्हणूनच पुकारतात."

हदासने आपल्या कागदाचं खालचं टोक पुन्हा पाहिलं. सतराव्या पिढीच्या आधी कोण होतं, हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळा सुटल्यावर हदास माझ्यामागे दारापर्यंत आली.



"बाई, माझ्या बाबांना एकदा धर्माबाहेर जाऊन परत आत येता येईल का?"