चाळीस पावलं

रोज दुपारी बाराला मी आमच्या हवामान केंद्रातून किनाऱ्यावरच्या केंद्रात धाकट्या भावाला फोन करते. मी तापमान सांगते. धुक्यात किती पावलांपर्यंत दिसतंय, ते तो सांगतो.

"ताई, आज चाळीस पावलं. धुक्याच्या कडेला एक बाई पाठमोरी उभी आहे, फोन कानाला लावून."

"असेल कुणीतरी. आटप, इथे उन्हाने जीव चाललाय."

"आता वीसच पावलांपर्यंत दिसतंय. ती अजून कडेलाच आहे. पाठमोरीच."

"अरे बावळटा, हाक मार की!"

"मारली. वळली." त्याचा आवाज चिरकला. "ताई, तू तिथेच आहेस ना?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधून माझाच आवाज आला, अगदी त्याच्या कानाशी.

"लिहून घे. चव्वेचाळीस अंश."

तो आकडा मी अजून कुणालाच सांगितला नव्हता.